सर्व्हरची डिस्क आतली की नेटवर्कवरची, कसं ओळखायचं

जळगाव, भुसावळ, चाळीसगाव कुठंही जा, जिनिंगचं ऑफिस असो की पतसंस्था, सर्व्हरला यूपीएस असतो पण नेटवर्क स्विच बऱ्याचदा साध्या बोर्डावर लावलेला असतो, मग उन्हाळ्यात लाइट गेली की सर्व्हर चालू, पण नेटवर्कवरच्या डिस्कमधला डेटा गायब, आणि सगळे सर्व्हरच्या नावानं ओरडतात. म्हणून डेटा नेमका कुठं आहे हे आधीच बघून ठेवा भाऊ. खालचं सगळं लिनक्सचं आहे.

सुरुवात फाइंड-एमएनटी (findmnt) कमांडनं करा, डिस्कची जागा दाखवणाऱ्या डीएफनं नको, कारण एनएफएसचा, म्हणजे नेटवर्कवरून फोल्डर देणारा, सर्व्हर बंद पडलेला असला तर डीएफ तिथंच अडकून बसतं, फाइंड-एमएनटी मात्र कर्नलकडची माउंटची, म्हणजे कुठल्या फोल्डरला कुठली डिस्क जोडलीय त्याची, यादी वाचून मोकळं होतं. फाइल सिस्टिमच्या टाइपमध्ये एनएफएस४ किंवा सीआयएफएस (विंडोज पद्धतीचं शेअरिंग) दिसलं की विषय संपला, नेटवर्कच.

पण एक्सटी४ नाहीतर एक्सएफएस या नेहमीच्या फाइल सिस्टिम दिसल्या म्हणून डिस्क लोकल, असं अजिबात धरू नका, फसायला होतं ते इथंच. आयस्कझीमध्ये (iSCSI) पलीकडचा नॅस, म्हणजे नेटवर्कवरचा डिस्कांचा डबा, अख्खी डिस्कच नेटवर्कवरून देतो, कर्नलला ती साधी एसडीबी दिसते, तिच्यावर आपण नेहमीसारखं एक्सएफएस टाकतो, आणि डीएफला फक्त लोकल दाखव म्हटलं तरी ते हिला पण लोकलमध्येच मोजतं!

अशा वेळी डिस्कांची यादी देणाऱ्या एलएसबीएलके (lsblk) कमांडला डॅश ओ देऊन नेम, ट्रॅन (डिस्क कशातून जोडलीय ते), मॉडेल हे तीन कॉलम मागा. ट्रॅनमध्ये साटा आलं तर डिस्क सर्व्हरलाच जोडलेली, आयस्कझी आलं तर नेटवर्क, एफसी आलं तर फायबरवरचं सॅन, म्हणजे डिस्कांचं वेगळं नेटवर्क. सॅस आलं तर एकदा मागं जाऊन वायर बघा, ती बाहेरच्या डब्यात पण जाऊ शकते. रेड (RAID) कार्ड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवणारं कार्ड, असलं की हा कॉलम कधीकधी रिकामाच येतो, मग डेव्ह, डिस्क, बाय-पाथ (/dev/disk/by-path) या फोल्डरची यादी काढा, माझा सगळ्यात जास्त भरवसा हिच्यावर. आतल्या डिस्कचं नाव पीसीआयनं सुरू होतं, आयस्कझीच्या नावात आयपी पत्ता आणि पोर्ट ३२६० सरळ लिहिलेलं असतं.

नावात एनव्हीएमई (वेगवान एसएसडीची पद्धत) आहे म्हणून डिस्क आतलीच, अशी पण खात्री धरू नका. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर ईबीएस या त्यांच्या स्टोरेज सेवेची डिस्क एनव्हीएमई म्हणूनच दिसते आणि असते नेटवर्कवर, मॉडेलचा कॉलम वाचला की कळतं. आपल्याच ऑफिसातल्या व्हर्च्युअल मशीनच्या आत बसून तर बऱ्याचदा याचा पत्ताच लागत नाही, ते ज्या खऱ्या सर्व्हरवर चालतं त्या होस्टवर जाऊनच बघावं लागतं.

नेटवर्कवरची जी जी सापडेल तिच्या एफएसटॅबच्या (बूट होताना काय माउंट करायचं त्या यादीच्या फाइलच्या) ओळीत अंडरस्कोर नेटडेव्ह (_netdev) आहे का बघा, म्हणजे बूट होताना नेटवर्क आल्यावरच ती माउंट होईल. आणि बॅकअपची डिस्क पण याच पद्धतीनं तपासा, डेटा आणि बॅकअप दोघांचा आयपी एकच निघाला तर दोन्ही एकाच नॅसवर आहेत, आजच्या आज बॅकअप दुसरीकडं हलवा.