पटर बदलण्याआधी: पटिंगमधल्या या चुका टाळा

गोल्फमध्ये थ्री-पट झाला, म्हणजे ग्रीनवर (होलभोवतीच्या आखूड गवतावर) बॉल आत घालायला तीन फटके लागले, की खापर पटरवर, म्हणजे तिथे वापरायच्या काठीवर. मग नवा पटर येतो, नवी ग्रिप येते, पुढच्या आठवड्यात कुठलातरी व्हिडिओ पाहून नवा स्टान्स (उभं राहायची ढब) येतो, आणि स्कोअरकार्डवरचे आकडे तिथेच राहतात. ग्रीनवर वाया जाणारे फटके बहुतेक वेळा ठरावीक तीन-चार चुकांमुळे जातात. त्यातली एकही चूक दुकानात दुरुस्त होत नाही.

आधी अपेक्षा जाग्यावर आणू. पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांमधले खेळाडू ८ फुटांवरून साधारण निम्मेच पट (ग्रीनवरचे फटके) घालतात, २० फुटांवरून सातात एखादा. ज्यांचं पोट यावर चालतं त्यांची ही गत. तेव्हा १० फुटांचा पट हुकला म्हणून स्ट्रोक बदलायला घेणं हा निव्वळ उतावळेपणा आहे. फटके वाचतात ते दोन ठिकाणी: लांबच्या पटाचं अंतर आणि तीन फुटांच्या आतले पट. सराव मात्र सगळे पाच ते दहा फुटांवर करतात, कारण तिथे अधूनमधून बॉल आत जातो आणि बरं वाटतं.

दिशेच्या नादात अंतर विसरणं

ही सगळ्यात महागडी चूक. ३० फुटांवर उभा असलेला नवखा खेळाडू पाहा. बॉलच्या मागे बसतो, एक डोळा मिटून पटर समोर लोंबकळत धरतो, होलच्या पलीकडे जाऊन पुन्हा बसतो, बॉलवरची रेघ तीनदा फिरवतो. सगळा अभ्यास उजवं की डावं एवढ्याचाच. मग उभा राहतो आणि बॉल सात फूट पुढे घालवतो. सौम्य उताराच्या ग्रीनवर ३० फुटांवरून दिशा दोन फुटांनी चुकली तर बरीच चुकली म्हणायची. अंतर सात फुटांनी चुकणं मात्र रोजचंच.

शिवाय स्पीड ठरवल्याशिवाय ब्रेक, म्हणजे उतारामुळे येणारं वळण, ठरणार कसा? त्याच उतारावर जोरात मारलेला बॉल कमी वळतो, मरत मरत पोचणारा जास्त. त्यातही बरंचसं वळण शेवटच्या टप्प्यात, बॉलचा वेग उतरताना येतं. म्हणून क्रम असा हवा: बॉल कुठे थांबायला हवा ते आधी, त्या वेगाला किती वळेल ते नंतर, आणि लाइन, म्हणजे बॉल कुठल्या दिशेने सोडायचा ते, सगळ्यात शेवटी.

थांबायची जागा म्हणजे, पट हुकलाच तर होलच्या पलीकडे साधारण एक ते दीड फूट. त्याहून हळू गेला तर होलभोवतीच्या पाऊलखुणा आणि उंचसखल गवत बॉलला शेवटच्या क्षणी ढकलून देतात. फार जोरात गेला तर होल जणू अरुंद होतं: काठाला लागलेला बॉल आत पडण्याऐवजी फिरून बाहेर येतो. ‘पोचलाच नाही तर जाणार कसा’ हे वाक्य ग्रीनवर फार ऐकू येतं. वाक्य खरं आहे, पण ते बहुतेक वेळा पाच फूट पुढे गेलेल्या बॉलच्या समर्थनार्थच म्हटलं जातं.

अंतर का चुकतं? पहिलं कारण, जोर हातातून काढला जातो. जवळ आणि लांब, दोन्ही पटांना मागचा झोका तेवढाच आणि फरक पडतो तो मनगटाच्या झटक्याने. झटका दोनदा सारखा बसत नाही. लांबीप्रमाणे झोका लहान-मोठा करायचा, ताल तोच ठेवायचा. पटर मागे न्यायला जितका वेळ, त्याच्या साधारण निम्म्या वेळात तो बॉलपर्यंत परत यावा. मनात ‘एक…दोन’ म्हणा, ‘दोन’ला बॉल लागला पाहिजे. चार फुटांचा पट असो की चाळीस फुटांचा, मोजणी तीच.

दुसरं कारण, झोका मोठा घ्यायचा आणि घाबरून मध्येच आवरायचा. बॉलजवळ येताना पटर मंदावला की फेस (पटरची बॉलला लागणारी बाजू) डळमळतो, म्हणजे अंतर गेलंच, वर दिशाही गेली. यावर ‘बॉलमधून पुढे जा’ असा सल्ला मिळतो आणि तो अर्धवट आहे, कारण तेवढ्याच मोठ्या झोक्यातून पुढे रेटलं तर बॉल ग्रीनबाहेर जाईल. मागचा झोका आखूड करा, पुढचं आपोआप सुधारतं.

तिसरं कारण, बॉल पटरच्या मधोमध लागत नाही. टोकाकडे लागलेला बॉल तेवढ्याच झोक्यात कमी जातो, आणि खेळाडू समजतो ग्रीन स्लो आहे. फेसवर पावडर किंवा मार्करचा पुसट थर देऊन दहा पट मारा. खुणा एकाच ठिकाणी नसतील तर अंतराचा कुठलाही सराव आत्ता करू नका, आधी हे.

सराव होलशिवाय करायचा. २०, ३० आणि ४० फुटांवर एकेक टी (बॉल ठेवायची छोटी खुंटी) रोवा आणि प्रत्येक बॉल वेगळ्या अंतराला मारा. एकाच जागेवरून एकामागून एक तीन बॉल मारणं ही फसवणूक आहे: तिसरा बॉल जवळ थांबतो तो पहिले दोन पाहिल्यामुळे, आणि राउंडमध्ये पहिलाच मोजला जातो. दुसरा सराव म्हणजे बॉल ग्रीनच्या कडेला, उंच गवत सुरू होतं तिथे, अगदी आत थांबवणे. होल नसल्याने ‘गेला, हुकला’ हा हिशेब डोक्यातून जातो आणि लक्ष फक्त लांबीवर राहतं.

खेळताना सरावाचे झोके बॉलकडे पाहून घेऊ नका. बॉलशेजारी उभं राहा, नजर होलवर ठेवा आणि एवढं अंतर जाईल असं वाटेपर्यंत पटर हलवा. मग एक पाऊल पुढे, एकदा होलकडे नजर, आणि मारा. या दोन गोष्टींत पाच-सहा सेकंदांपेक्षा जास्त गेली की हातात आलेला अंदाज विरतो.

टीव्हीवरचा स्ट्रोक आपल्या ग्रीनवर

ग्रीनचा वेग स्टिंपमीटरने मोजतात. एडवर्ड स्टिंप्सन यांनी १९३५ मध्ये हे साधन बनवलं. आजचं रूप म्हणजे ३६ इंच लांबीची, खोबण असलेली ॲल्युमिनियमची पट्टी. तिच्या खाचेत बॉल ठेवून खाचेकडचं टोक हळूहळू उचलतात, बॉल सुटतो, आणि सपाट ग्रीनवर तो जितके फूट जातो तो आकडा. दोन्ही दिशांना मोजून सरासरी काढतात. नेहमीच्या क्लबांत हा आकडा ८ ते १० च्या आसपास असतो, मोठ्या स्पर्धांत १२ आणि वर. तिथला इवलासा झोका पाहून तुम्ही ८ च्या ग्रीनवर तसंच केलंत तर प्रत्येक पट आखूड पडेल. तेच ग्रीन सकाळी दवात एक वेग देतं, दुपारी वाळल्यावर दुसरा. बर्म्युडा गवत असेल तर आणखी एक भानगड: गवताचा कल पुढे असला की ते चकाकतं आणि बॉल पळतो, तुमच्याकडे असला की काळसर दिसतं आणि बॉल अडतो.

फेस सोडून झोक्याच्या वाटेवर भांडण

पटर सरळ मागे-पुढे जावा की हलक्या कमानीत, यावर लोक तासन् तास वाद घालतात. बॉल कुठल्या दिशेने निघतो ते मुख्यतः फेस ठरवतो, वाटेचा वाटा बराच कमी. हिशेब करून बघा. होलचा व्यास ४.२५ इंच, म्हणजे मध्यापासून काठ सव्वादोन इंचांच्या आत. १० फुटांवरच्या सरळ पटात बॉल एक अंश वाकडा निघाला तर होलपाशी तो मध्यापासून सुमारे २.१ इंच सरकलेला असतो. म्हणजे बॉलचा मध्य बरोबर काठावर. २० फुटांवर त्याच एका अंशात बॉल होलला शिवतही नाही.

तपासायचं कसं? सपाट जागा शोधा. बॉलच्या दीड फूट पुढे दोन टी रोवा, आतली फट सव्वादोन इंच. बॉल १.६८ इंचांचा असतो, त्यामुळे एक अंशाच्या आसपास चूक झाली की तो टीला धडकतो. ओळीने दहा पार झाले की दिशेची काळजी सोडा. धडकतच असतील तर कुठल्या टीला ते पाहा. नेहमी एकाच बाजूला असेल तर बहुधा उभं राहतानाच निशाणा चुकतोय, दोन्ही बाजूंना असेल तर हात. उजव्या-डाव्या दोन्ही टी पडत असताना पटर बदलणाऱ्याला काय सांगावं!

‘हा काय, गेलाच’ असे छोटे पट

इथेही बरेच फटके जातात आणि सगळ्यात कमी लाज वाटते. १९७० ची ओपन (ब्रिटिश ओपन ही मोठी स्पर्धा), सेंट अँड्र्यूजचं मैदान, शेवटचं होल. डग सँडर्सला जिंकायला जेमतेम तीन फुटांचा पट घालायचा होता. बॉलपाशी पटर लावून उभा राहिला, लाइनीवर काहीतरी दिसलं म्हणून पाय न हलवता खाली वाकला, ते बाजूला केलं, आणि मागे न हटता तसाच परत पटरवर आला. बॉल उजवीकडून निघून गेला. जॅक निकलसशी बरोबरी झाली आणि दुसऱ्या दिवशीच्या १८ होलच्या प्लेऑफमध्ये सँडर्स एका फटक्याने हरला.

या पटात तंत्राचा भाग फार थोडा आहे. लय तुटल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात न करणं, ही चूक. बॉलपाशी उभे असताना कोणी खोकलं, फोन वाजला, लाइनीवर पान दिसलं, नुसती शंका आली तरी मागे हटायचं. पूर्णपणे. दोन पावलं मागे, बॉलच्या मागून लाइन, मग पुन्हा स्टान्स. ‘मागे लोक थांबलेत’ म्हणून तसाच मारलेला पट हुकला की पुढचा पट मारायला त्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

दुसरा नमुना १९८३ च्या ओपनचा, रॉयल बर्कडेलचं मैदान, तिसरी फेरी. हेल आयर्विनचा बॉल १४ व्या होलच्या काठापासून काही इंचांवर. त्याने आळसात उलट्या हाताने टॅप करायला, म्हणजे बॉल हलकेच आत ढकलायला, पटर घातला, पटर जमिनीला लागून उसळला आणि बॉलवरून गेला. बॉल जागचा हलला नाही, फटका मात्र मोजला गेला. आयर्विन शेवटी टॉम वॉटसनच्या एका फटक्याने मागे राहिला. एवढ्या तयारीच्या माणसाचं हे होत असेल, तर होलवर एका पायाने वाकून, पटर एका हातात, दुसऱ्यात फ्लॅग, अशी टॅप-इन करणाऱ्यांनी थोडं आवरावं. दोन्ही पाय जमिनीवर, दोन्ही हात पटरवर. इतर खेळाडू थांबले असतील तर जागेची खूण म्हणून नाणं ठेवून बॉल उचला.

सरावाला होलभोवती तीन फुटांवर घड्याळासारखे आठ बॉल ठेवा आणि ओळीने आठही घाला. एक हुकला की पुन्हा पहिल्यापासून. होल थोड्या उतारावर असावं, म्हणजे प्रत्येक पटाचा ब्रेक वेगळा येतो. सातवा-आठवा बॉल मारताना पोटात जे होतं तोच खरा सराव. मान वर करण्याची खोड असेल तर तीन फुटांच्या आतल्या पटांत बॉल पडल्याचा आवाज येईपर्यंत जमिनीकडेच पाहायचं, दुसरा उपाय नाही.

बाकीच्या, थोडक्यात

ब्रेक कमी धरणं: नवख्यांचे पट उताराच्या खालच्या बाजूनेच हुकतात. खाली गेलेला बॉल वर चढून होलमध्ये येत नाही, वरून जाणाऱ्याला निदान आशा असते. वाटतो त्यापेक्षा थोडा जास्त ब्रेक धरा, आणि लाइन एकदा तरी होल आणि बॉलच्या मध्यावर, खालच्या बाजूने चालून पाहा. तिथे उतार डोळ्यांआधी पायांना कळतो.

डोळे बॉलच्या पलीकडे: नाकाच्या मुळापासून एक बॉल सोडा. तो खालच्या बॉलवर किंवा त्याच्या थोडा आत, तुमच्याकडे पडावा. पलीकडे पडत असेल तर तुम्ही फार जवळ उभे आहात.

हात फार पुढे ढकलणं: पटरला तीन-चार अंशांचा लॉफ्ट (फेसचा मागे झुकलेला कल) असतो, कारण गवतात बॉल किंचित रुतलेला असतो आणि आधी त्याला वर उचलावं लागतं. हात बॉलच्या खूप पुढे नेले की लॉफ्ट उरत नाही, बॉल जमिनीत दाबला जाऊन उडी मारतो.

पटर घट्ट आवळणं. दहापैकी तीन-चार एवढा दाब पुरे.

बॉलमार्क (बॉल पडून ग्रीनवर झालेला खड्डा) उचकटणं: दुरुस्तीचा फोर्क खड्ड्याच्या कडेला घालून गवत मध्याकडे ढकलायचं असतं. खालून उचकटलं तर मुळं तुटतात आणि तिथे डाग राहतो. २०१९ पासून बुटांच्या स्पाइकच्या खुणाही लाइनीवर दुरुस्त करता येतात, तरी लोक त्यांच्याकडे पाहत उसासे टाकतात. दुरुस्त करा की!

खरोखर पटर बदलायचाच असेल तर आधी एवढं तपासा: शाफ्ट (पटरचा दांडा) बोटावर आडवा तोला. फेस आकाशाकडे राहिला तर तो फेस-बॅलन्स्ड, टो (पटरच्या डोक्याचं पुढचं टोक) खाली झुकला तर टो-हँग. ज्यांचा झोका जास्त कमानीत जातो त्यांना सहसा टो-हँग मानवतो. रंग, ब्रँड आणि हेडकव्हर यांचा क्रम यानंतर लागतो.

राउंडआधी पंधरा मिनिटं असतील तर दहा मिनिटं फक्त लांबचे पट, एकच बॉल घेऊन, चढाला, उताराला आणि आडवे. त्या दिवसाचा वेग एकदा हातात येऊ द्या. उरलेल्या पाच मिनिटांत दोन फुटांवरून बॉल आत घालत राहा. १० फुटांचे पट राउंडआधी मारूच नका. त्यातले निम्म्याहून जास्त हुकणार, आणि ते हुकलेले पट डोक्यात घेऊन पहिल्या टीवर, म्हणजे खेळ सुरू होतो त्या जागेवर, जाण्यात काही अर्थ नाही.