सोलापुरात बसून जुना बिगल्स गोळा करायचा तर

मुखपृष्ठावर दुपंखी विमान, मागे धुराचा लोट. असं पुस्तक, म्हणजे बिगल्स या काल्पनिक ब्रिटिश वैमानिकाची जुनी इंग्रजी साहसकथा, रद्दीच्या गठ्ठ्यात दिसलं की भाव विचारायच्या आधीच आपला चेहरा बोलून जातो, आणि दुकानदार किलोचा भाव सोडून नगाचा सांगायला लागतो. म्हणून पहिली पायरी चेहऱ्याची. वर दोन जुनी गाइडं ठेवा, मग गठ्ठा तोलायला द्या.

नेमकं काय गोळा करायचं, हे त्याआधी ठरलेलं असावं. कुमारांसाठीच्या विमान-साहसकथा अमेरिकेतही भरपूर निघाल्या. १९२७ साली लिंडबर्ग या अमेरिकी वैमानिकाने एकट्याने अटलांटिक ओलांडल्यावर तर मालिकाच सुरू झाल्या. पण आपल्याकडच्या जुन्या कपाटांतून निघतो तो मुख्यतः डब्ल्यू. ई. जॉन्सचा बिगल्स. हा लेखक पहिल्या महायुद्धात स्वतः बॉम्बर उडवायचा. सप्टेंबर १९१८ मध्ये त्याचं विमान पाडलं गेलं आणि तो जर्मनांच्या कैदेत पडला. (मुखपृष्ठावर तो 'कॅप्टन' असतो, हवाई दलातून मात्र फ्लाइंग ऑफिसर या त्याहून खालच्या हुद्द्यावरूनच बाहेर पडला.) पहिलं पुस्तक, 'द कॅमल्स आर कमिंग', १९३२ चं. पुढे बिगल्सची शंभराच्या आसपास झाली. सगळी जमवायच्या फंदात पडू नका. दुसऱ्या महायुद्धाचीच घ्या, किंवा जॉन्सचीच, वॉरल्स या वैमानिक तरुणीची ११ पुस्तकं घ्या. ती कमी दिसतात आणि माझ्या मते जास्त मजेदार आहेत.

जॅकेटसकट, म्हणजे वरच्या सुट्या कागदी वेष्टनासकट, पहिल्या आवृत्तीचं स्वप्न आपण सोलापूरकरांनी सोडलेलं बरं. ते पैशांचं काम आहे. आपल्याला मिळतात त्या वापरून मऊ झालेल्या, शिक्के बसलेल्या, इथल्या पोरांनी वाचलेल्या प्रती. मी त्याच जमवतो, आणि त्यांचं वय काढायला शिकणं हाच या छंदाचा खरा भाग आहे.

त्यासाठी शीर्षकपानाच्या मागची बाजू वाचा. तिथे पहिल्या प्रकाशनाचं साल आणि खाली पुनर्मुद्रणांची सालं असतात. पण काही प्रकाशक फक्त पहिलं साल छापून मोकळे होत. अशा वेळी पुस्तकाच्या शेवटी किंवा जॅकेटच्या मागे मालिकेतल्या पुस्तकांची यादी असते, ती बघा. आत १९३५ छापलंय आणि यादीत 'बिगल्स इन द ओरिएंट' आहे, तर ती प्रत १९४५ च्या आधीची असूच शकत नाही. मी एकदा फोनवर फोटो बघून 'पहिली आवृत्ती' घेतली. शेवटच्या पानाचा फोटो मागायचं सुचलं नाही, आणि त्या यादीनेच घरी आल्यावर माझी फजिती केली. तेव्हापासून चार फोटो मागतो: मुखपृष्ठ, पाठ (बांधणीचा कणा), शीर्षकपानाची मागची बाजू आणि शेवटचं पान.

किंमतही बोलते. छापील किंमत फक्त शिलिंग-पेन्समध्ये असेल तर प्रत बहुधा फेब्रुवारी १९७१ च्या आधीची, कारण तेव्हा ब्रिटनने दशमान नाणी आणली. आपल्याकडच्या दुकानदाराने पेन्सिलीने आण्यांत भाव लिहिला असेल तर ती एप्रिल १९५७ च्या आधी विकली गेली असावी. 'न. पै.' म्हणजे नये पैसे दिसले, तर विक्री १९५७ ते १९६४ मधली धरायला हरकत नाही. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, असेल तर तितकं जुनं नाहीच. कागद पातळ, समास अरुंद आणि पुस्तकावर बसलेल्या सिंहाचं बारीक चिन्ह असेल, तर ती बहुधा युद्धकाळातल्या कागदटंचाईतली प्रत.

मजकूरही ताडून बघा. सुरुवातीच्या गोष्टी विमानांच्या मासिकासाठी, मोठ्यांना धरून लिहिलेल्या होत्या. त्यातल्या एकीत बक्षीस म्हणून ठेवलेली व्हिस्की नंतरच्या मुलांच्या आवृत्तीत लेमनेड झाली! माझ्याकडे दोन्ही आहेत. साम्राज्याचा तोरा आणि गोऱ्यांची मिजास मात्र पुष्कळ ठिकाणी आहे. घरातल्या मुलांना वाचायला देताना शेजारी बसा.

आता शोधायचं कुठे? गावात रेल्वेचं विभागीय मुख्यालय आणि एके काळच्या कापडगिरण्या, त्यामुळे इंग्रजी वाचणारी घरं होती. अशी घरं रिकामी होतात तेव्हा पुस्तकं रद्दीत येतात, ती बहुतेक दिवाळीच्या साफसफाईत. दोन रद्दीवाल्यांशी ओळख ठेवा आणि दर वेळी काहीतरी घ्याच. रविवार मोकळा असेल तर हैदराबाद गाठा. आबिड्सला दुकानं बंद असतात आणि फुटपाथवर जुनी पुस्तकं मांडलेली असतात. सोबत कडक भाकरी घ्या, पुस्तकांत जेवायची वेळ टळते. ग्रंथालयाचा शिक्का आणि दाखल क्रमांक असलेलं पुस्तक मिळालं तर 'निर्लेखित', म्हणजे ग्रंथालयाने रीतसर काढून टाकलेलं, असा शिक्का शोधा. नसेल तर कुठून आलं ते विचारा, उत्तर पटलं नाही तर सोडून द्या.

पुस्तक घरी आलं की लगेच कपाटात नको. प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा, कसर मरते. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नका, नाहीतर पानांवर पाणी धरतं. कुबट वास असेल तर बंद डब्यात खाण्याच्या सोड्याची वाटी शेजारी ठेवा. पत्र्याखालचा माळा सगळ्यात वाईट: एप्रिल-मेमध्ये इथे पारा बेचाळिशी ओलांडतो आणि तो लगद्याचा आम्लयुक्त कागद पापडासारखा होतो. आतल्या खोलीतलं, भिंतीपासून चार बोटं सरकवलेलं कपाट उत्तम. सेलोटेप लावू नका. मी लावली होती, दहा वर्षांत तिथे तपकिरी पट्टा उमटला. वर्तमानपत्राचं कव्हरही नको.

शेवटी एक वही करा. प्रत कुठे मिळाली, कितीला, कोणते शिक्के, कोणत्या इयत्तेतल्या कुणाचं नाव, सगळं लिहा. पेन्सिलीतला भाव किंवा शाईतलं नाव खोडू नका, ते खोडलं तर प्रत कुठून आली हे कळायचा मार्गच बंद होतो. माझ्या वहीत एका नोंदीपुढे लिहिलंय: पाठ सैल, जॅकेट नाही, शिक्का नाही, पान ६२ वर शेंगाचटणीचं बोट.