नाशिकहून बाल कल्याण समितीसाठी अर्ज करताना

आधी घोटाळा टाळा. राज्य बाल हक्क संरक्षण आयोग वेगळा आणि जिल्ह्याची बाल कल्याण समिती वेगळी. आयोगात अध्यक्ष आणि 6 सदस्य असतात. अध्यक्षाची शिफारस मंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची त्रिसदस्य समिती करते, म्हणजे ती खुर्ची सरकारपासून तशी फार लांब नाही. नाशिक जिल्ह्यात बसून काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांचे रोजचे निर्णय घेते ती बाल कल्याण समिती: अध्यक्ष अधिक 4 सदस्य, त्यांत किमान एक महिला. मुदत जास्तीत जास्त 3 वर्षे.

जाहिरातीवर लक्ष ठेवा. पुण्याचे महिला व बाल विकास आयुक्तालय आणि नाशिकचे जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालय, दोन्हीकडे चौकशी करा. पदवी बाल मानसशास्त्र, कायदा, समाजकार्य, समाजशास्त्र, शिक्षण अशा विषयांतली हवी. सोबत मुलांच्या आरोग्य, शिक्षण किंवा कल्याणातला 7 वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव, नाहीतर त्या विषयातला चालू व्यवसाय.

अनुभवाच्या दाखल्यात ‘सामाजिक कार्यात सक्रिय’ एवढेच लिहून आणू नका. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या वयाची मुले, काम नेमके काय, हे संस्थेकडून लिहून घ्या.

बाल न्याय कायद्यातल्या 2021च्या दुरुस्तीनंतर बालगृहासारखी संस्था चालवणाऱ्या मंडळावर असलेल्यांना जिल्ह्याच्या समितीवर येता येत नाही. हे योग्यच आहे. स्वतःच्या संस्थेत मूल पाठवायचा आदेश स्वतःच कसा काढणार?

समिती महिन्याला किमान 20 दिवस बसते. सलग 3 महिने विनाकारण गैरहजर राहिल्यास, किंवा वर्षातल्या किमान तीन-चतुर्थांश बैठकांना हजेरी न भरल्यास पद जाते. पूर्णवेळ नोकरी असेल तर हे आधीच ठरवा.