बाईला डाकीण म्हटलं, तर काय करायचं

सातपुड्यात, अक्कलकुवा-धडगावकडच्या पाड्यांवर लेकरू दगावलं किंवा बैल मेला की कुणी भगताकडे जातं, आणि भगत एखाद्या बाईकडे बोट दाखवतो. ती बहुतेकदा विधवा किंवा एकटी असते. म्हणून तिचा सातबारा बघाच. ती गाव सोडून गेली तर शेत कुणाला मिळणार, याच्या उत्तरात भांडणाचं मूळ अनेकदा सापडतं.

मारहाण एकाएकी होत नाही. आधी लग्नाचं बोलावणं थांबतं, हातपंपावर बाया घागर उचलून बाजूला होतात, तिच्या अंगणातून पोरांना ओढून नेतात. आशाताई, पोलीस पाटील यांच्या कानावर घालायची वेळ हीच.

धमकी आली किंवा तिच्यावरून गावाची बैठक बसणार असं कळलं, की 112 ला फोन करा. रेंज नसेल तर माणूस पाठवा. बाईला लेकरांसह उजेडातच बाहेर काढा. आधार, सातबारा, पासबुक सोबत घ्या. मुक्कामाची सोय 181 या महिला हेल्पलाइनवर विचारा. सखी केंद्रात, म्हणजे अडचणीतल्या बायांसाठीच्या सरकारी केंद्रात, साधारण 5 दिवस राहता येतं.

सगळ्यात घातक चूक घरचेच करतात. नाव साफ व्हावं म्हणून तिला दुसऱ्या भगताकडे नेतात. तो 'नाही' म्हणाला तरी बाई डाकीण असू शकते हे आपणच मान्य केलेलं असतं, आणि तिसरा 'हो' म्हणायला मोकळा राहतो. पंचांपुढे दंड भरणंही तसंच. दंड भरला म्हणजे कबुली दिली, असं गाव धरतं. तिने काहीही सिद्ध करायचं नाही.

2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात करणीचा आरोप पसरवणं हाच गुन्हा आहे, अंगाला हात लागलेला नसला तरी. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं, दंड 5 ते 50 हजार, गुन्हा अजामीनपात्र. पण फिर्यादीत नुसतं 'शिवीगाळ व मारहाण' लिहिलं गेलं की हा कायदा लागतच नाही. त्यामुळे 'तू डाकीण, तूच पोराला खाल्लं' असे नेमके शब्द पावरी-भिलीत जसे बोलले तसेच लिहून घ्या. कोण, कुठं, कुणासमोर बोललं, भगत कोण, हेही त्यात यायला हवं. अंगठ्याआधी सगळं तिच्या भाषेत वाचून घ्यायला लावा. प्रत फुकट मिळते. ठाण्यात घेतलं नाही तर तीच तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत देतं. बाईला उत्पन्नाची अट नाही.

गुन्हा नोंदला तरी मेलेल्या लेकराच्या आईला 'का?' याचं उत्तर लागतंच. ते आपण दिलं नाही तर भगत देतो. एकाच घरात पोरं पुन्हापुन्हा आजारी पडत असतील तर सिकलसेलची, म्हणजे आई-बापाकडून पोरांत येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी करून घ्या. आई-बाप दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता आजाराची असते, आणि दोघं स्वतः धडधाकट दिसतात, म्हणून तर संशय शेजारणीवर जातो. आरोग्य केंद्रातल्या ताईंनी रिपोर्टचा कागद घेऊन त्या घरी जावं, आईजवळ बसून तिच्या बोलीत समजवावं, आणि हे घरचे भगताकडे निघण्याआधी व्हावं.