हरिकेनच्या कापडावरील पांढरे चट्टे
६ नोव्हेंबर १९३५ रोजी प्रथम उडालेल्या हॉकर हरिकेन या लढाऊ विमानाच्या मागच्या भागात पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर लाकडी पट्ट्या आणि त्यांवर लिननचे कापड असते. ते ताणून धरण्याचे काम डोप, म्हणजे कापडावर वार्निशसारखे लावायचे सेल्युलोजयुक्त द्रावण, करतो. इंग्लंडमधील आमच्या हँगरमध्ये दमट हवेत दिलेल्या डोपच्या थरावर पांढरे चट्टे उमटले. हा केवळ दिसण्यातला दोष नव्हे. द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील बाष्प त्यावर साचते, सेल्युलोज द्रावणातून वेगळे पडते आणि असा दुबळा थर कापड नीट ताणू शकत नाही. म्हणून वरून रंग देऊन तो झाकणे मला मान्य नव्हते.

आम्ही हँगर उबदार व कोरडा केला आणि सावकाश उडणारा थिनर मिसळलेल्या डोपचा पातळ हात चट्ट्यांवर दिला. (डोपची वाफ चटकन पेट घेते, त्यामुळे उघडी ज्योत किंवा ठिणगी जवळपास नसावी.) खालचा थर पुन्हा विरघळला, अडकलेले पाणी निघून गेले आणि कापड ढोलकीच्या पुडीसारखे ताणले गेले. परवानाधारक निरीक्षकाने तपासल्यानंतरच आम्ही पुढचे थर दिले.