लाल ठिपका दिसला म्हणून प्लेट जाड करू नका: प्रेशर व्हेसलच्या एफईएमध्ये या चुका टाळा

हिंगणा किंवा बुटीबोरीच्या शॉपमध्ये व्हेसल (दाबाखालची टाकी) डिझाइनला नुकतेच लागलेल्या, किंवा कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी पहिल्यांदाच एफईए (फायनाइट एलिमेंट अ‍ॅनालिसिस, म्हणजे मॉडेलचे छोटे तुकडे करून संगणकावर स्ट्रेस काढणं) चालवणाऱ्या नागपूरकर मुलामुलींसाठी हा लेख आहे.

रिझल्ट उघडला की नजर आधी सर्वाधिक स्ट्रेसच्या लाल ठिपक्यावर जाते. स्ट्रेस 412 मेगापास्कल, मटेरियलची मर्यादा 138, म्हणजे डिझाइन फेल! मग शेल (टाकीची भिंत) 10 मिमीवरून 14 मिमी होतो. प्लेट, वेल्डिंग, वजन सगळं वाढतं आणि ठिपका बहुधा तिथेच राहतो.

खरा प्रश्न हा स्ट्रेस कोणत्या जातीचा, हा आहे. एएसएमई सेक्शन 8, डिव्हिजन 2 या प्रेशर व्हेसलच्या अमेरिकन कोडमध्ये प्रत्येक जातीची मर्यादा वेगळी आहे. दाब पेलणारा, म्हणजे प्राथमिक, सर्वसाधारण मेम्ब्रेन स्ट्रेस (भिंतीच्या जाडीतली सरासरी) 138 च्या आतच हवा, कारण तो ओलांडला तर भिंत फुगत जाते. नॉझलजवळच्या (टाकीला पाइप जोडण्याचं तोंड) स्थानिक मेम्ब्रेनला दीडपट, म्हणजे 207 चालतो. दुय्यम स्ट्रेस धरून होणाऱ्या चढउताराला साधारण तिप्पट, 414 पर्यंत मुभा असते. धातू किंचित वाकला की दुय्यम स्ट्रेस स्वतःच सैल पडतो. त्यापलीकडचा टोकाचा स्ट्रेस फक्त फटीगसाठी (वारंवारच्या चढउताराने धातूला येणारा थकवा) तपासायचा. कोराडीसारख्या वीजकेंद्रात बॉयलरचे जाड हेडर वारंवार गरम-थंड होत असतील, तर मात्र हाच हिशेब महत्त्वाचा ठरतो.

ही विभागणी रंगांवरून कळत नाही. भिंतीच्या आतल्या पृष्ठापासून बाहेरच्या पृष्ठापर्यंत काटकोनात रेघ घ्या आणि लिनिअरायझेशन करा. सरासरी म्हणजे मेम्ब्रेन, सरळ उताराचा भाग म्हणजे बेंडिंग, उरलेला टोकाचा. सॉफ्टवेअर एवढंच देतं. प्राथमिक की दुय्यम, हे तुम्हालाच ठरवावं लागतं: अंतर्गत दाबामुळे नॉझल-शेल जोडावर येणारं बेंडिंग दुय्यम, पण सपाट कव्हरच्या मध्यावरचं बेंडिंग प्राथमिक. इथली गफलत सगळ्यात धोकादायक, कारण रिपोर्ट पास दिसतो.

आतल्या धारदार कोपऱ्यात मेश (मॉडेलच्या तुकड्यांची जाळी) बारीक करावा तसा स्ट्रेस वाढतच जातो का? मग ती सिंग्युलॅरिटी आहे. त्या आकड्याला अर्थ नाही. वेल्डचा खरा फिलेट (कोपऱ्यातला भराव) मॉडेलमध्ये घ्या.

आता हाताने पडताळणी, जी टाळली जाते. आतला व्यास 1000 मिमी, जाडी 10, दाब 1 मेगापास्कल घ्या. जोडांपासून दूर हूप (घेराच्या दिशेचा) स्ट्रेस सुमारे 50 आणि लांबीच्या दिशेचा 25 यायला हवा. व्हॉन मिसेस (सगळ्या दिशांचे स्ट्रेस मिळून काढलेला एक आकडा) तिथे 43 ते 45 दाखवेल. तो 50 नाही म्हणून घाबरू नका. लांबीचा स्ट्रेस शून्याजवळ आला, तर उघड्या टोकावर झाकणाचा जोर लावायचा राहिला आहे. तो या व्यासाला सुमारे 785 किलोन्यूटन, म्हणजे जवळपास 80 टन. टोक कापलेल्या नॉझललाही हाच नियम. रिअ‍ॅक्शनची (आधारांवर येणारा जोर) बेरीज मांडली की ही चूक लगेच सापडते.

शेवटी, नोडवर (मेशच्या तुकड्यांचे जोडबिंदू) सरासरी काढलेला आणि न काढलेला स्ट्रेस शेजारी ठेवून बघा. दोहोंत मोठा फरक असेल तर तिथला मेश जाड आहे. लिनिअरायझेशनची रेघ ओढण्याआधी तो बारीक करून घ्या.