नवा चाकू येतोय? मग या चुका टाळा

बुशक्राफ्टचा, म्हणजे रानात मुक्काम करताना लाकूड सोलायला, जाळ करायला लागणारा चाकू ऑर्डर केला की पोरांना दम निघत नाही. पार्सल कुठवर आलं, दिवसातून दहादा बघायचं. मधल्या काळात पोलादांची नावं तोंडपाठ होतात: १०९५, ओ१, डी२. परदेशी जंगलातले व्हिडिओ बघून पारायणं होतात. पण धार लावायला कुणी शिकत नाही, आणि पुढची निम्मी भानगड तिथूनच सुरू होते.

आल्या आल्या ‘धार मारून आणणे’

ही चूक मला सगळ्यात जास्त चीड आणते. कन्नडच्या पुढे एका ओळखीच्या शेतात आमचा मुक्काम होता. सिल्लोडकडचा एक पोरगा नवाकोरा चाकू कमरेला लावून आलेला. दोन महिने वाट बघून मिळालेला, स्कँडी ग्राइंडचा (दोन्ही बाजूंना एकच रुंद उतार, थेट धारेपर्यंत), मूठ बर्चची. म्हटलं, बघू दे. पातं बाहेर काढलं तर टोकाकडून अंगठाभर लांब निळा पट्टा.

"हे काय रे?"

"मामा, कंपनीची धार जरा कमी वाटली. वेल्डिंगवाल्याकडून ग्राइंडरवर मारून आणली. ठिणग्या काय उडत होत्या!"

ठिणग्या उडणारच. पात्याची कड कागदासारखी पातळ, कोरड्या चाकावर ती डोळ्याचं पातं लवायच्या आत तापते. साध्या कार्बन स्टीलला कडक केल्यानंतर साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास पुन्हा तापवून चिवट करतात. निळा रंग दिसतो तो ३०० च्या घरात. म्हणजे कडकपणा गेला, आणि तो पुसून किंवा घासून परत येत नाही. आपल्याकडचा लोहार विळ्याला पाणी दिल्यावर धारेकडे सरकणारा रंग डोळ्यात तेल घालून बघत बसतो आणि गवती पिवळा दिसला की थांबतो. या पठ्ठ्याने तो रंग मागे टाकून पार पुढचं स्टेशन गाठलं होतं. त्याने वाळलेली तुराटी सोलायला घेतली तर धार एका बाजूला लोळली. रात्री टोमॅटो कापेना, नुसता दाबला जाई.

उपाय एकच होता. निळा भाग संपेपर्यंत ओल्या दगडावर हाताने झिजवायचा. त्यात पात्याची रुंदी जाते आणि हातही भरून येतात. पोरगा म्हणाला, "शॉर्टकट नाही का काही?" शॉर्टकट तर त्याने आधीच मारला होता.

माझी सवय सांगतो. १००० ग्रिटचा (मध्यम बारीक कणांचा) एक पाण्याचा दगड, खाली ओलं फडकं, म्हणजे दगड सरकत नाही. पात्याच्या उतारावर काळा मार्कर फिरवायचा, दोनदा ओढायचं आणि शाई कुठली गेली ते बघायचं. कडेची शाई तशीच राहिली तर कोन चुकतोय. स्कँडीला तर कोन मोजायचीही गरज नाही, तो रुंद उतार दगडावर सपाट बसवला की झालं. दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक बर (पोलादाची वळलेली कड) लागली की बाजू बदलायची. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पाठीकडून ओढायचं, धारेकडून नाही. हे सगळं नव्या चाकूवर शिकू नका. घरातली भाजीची सुरी घ्या. "आज सुरी लागते बरं का" असं आईने म्हटलं, की मग ऑर्डर द्या.

बाभळीवर बॅटनिंग

व्हिडिओत माणूस चार इंची पातं लाकडावर ठेवतो, पाठीवर दुसऱ्या लाकडाने ठोकतो आणि ओंडका उकलतो. तो पाइन असतो, नाहीतर बर्च. सरळ रेषांचं, मऊ लाकूड. आपल्या बांधावर बाभूळ आहे. तिच्या लाकडाची बैलगाडीची चाकं व्हायची, औतं व्हायची. वाळलेल्या बाभळीच्या गाठीत स्कँडीची पातळ धार घातली तर ती लोळेल, नाहीतर तिचा तुकडा उडेल. त्यात काही महाभाग पाठीवर दगडाने ठोकतात. पोलादावर दगड! त्यांना मी चाकू हातात देत नाही.

फोडायचंच असेल तर मनगटापेक्षा बारीक, बिनगाठीचं, सरळ निंबाचं किंवा सागाचं लाकूड घ्या. बाभळीला, धावड्याला कुऱ्हाड आहे, कोयता आहे. गावच्या लोहाराने गाडीच्या कमानपाट्याचा केलेला कोयता या कामात कुठल्याही परदेशी चाकूला मागे टाकतो, आणि तो मोडला तर कुणी रडत नाही. तरी कडक लाकडावर चाकूच चालवायचा असेल, तर दगडावर शेवटचे चार-पाच हात जरा चढ्या कोनात मारा. धार थोडी जाड होते, पण टिकते.

‘मोठा असला की सगळी कामं होतात’

होत नाहीत. चार इंच पातं पुरतं. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं घरगुती, शेतीच्या वा तत्सम कामासाठी बनवलेलं नसेल, तर ते शस्त्र कायद्याच्या नियमांत येतं. शिवाय सणावारी, निवडणुकीत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात. त्या दिवसांत कमरेला लावून एसटी स्टँडवर मिरवू नका. नांदेडहून शोभेची कट्यार आणून तिने लाकूड सोलणारेही पाहिलेत. ती भिंतीवर छान दिसते, तिथेच राहू द्या.

तेल घरातलंच लावणे

मराठवाड्यात हवा कोरडी म्हणून गंज येत नाही, हा समज चुकीचा. मोसंबी कापून पातं तसंच चामडी म्यानात घातलं, वर कमरेचा घाम, की सकाळी डाग तयार. चाकू म्यानाबाहेर, कोरडा करून ठेवा. आणि हाताशी आहे म्हणून पात्याला करडईचं तेल लावू नका. करडई आणि जवस ही वाळणारी तेलं, काही दिवसांनी चिकट थर धरतात. पात्याला शिवणयंत्राचं तेल किंवा खोबरेल. जवस मात्र लाकडी मुठीला द्या, तिथे त्याचं वाळणंच कामाचं.

थोडक्यात काही

पात्याने डबा उघडणे, खड्डा खणणे, झाडावर फेकून मारणे: चाकू विकून टाका, पैसे तरी येतील.

‘फुल टँग’ लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. मुठीच्या कडेने पोलाद शेवटपर्यंत दिसतं का ते बघा.

मांडीवर लाकूड धरून सोलू नका. मांडीच्या आतल्या बाजूला मोठी रोहिणी, म्हणजे रक्तवाहिनी असते आणि दवाखाना तालुक्याला. बसून काम करताना कोपरं गुडघ्यांवर टेका, पातं गुडघ्यांच्या पुढे चालवा. हे मी प्रत्येकाला सांगतो, प्रत्येकजण मान डोलावतो आणि पाच मिनिटांनी लाकूड परत मांडीवर.

गौताळा, येडशी रामलिंगघाट, नायगाव ही अभयारण्यं आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३१ प्रमाणे लेखी परवानगीशिवाय शस्त्र आत नेता येत नाही, आणि त्या कायद्यात शस्त्र म्हणजे चाकूसुद्धा. गेटवर "साहेब, हा बुशक्राफ्टचा आहे" म्हणून उपयोग नाही. तिकडे जाताना कांदा घरूनच चिरून न्या. सराव करायचा तर ओळखीच्या माणसाच्या शेतात, त्याला विचारून, पडलेल्या लाकडावर.

आणि शिमग्यापासून मृगापर्यंत कुसळीने भरलेल्या डोंगरावर फेरो रॉड (ठिणग्या पाडायची कांडी) बाहेरच काढायचा नाही. एका ठिणगीला अख्खी टेकडी जाते. चहा थर्मासमध्ये न्या.